केनियातील महिन्याबद्दल आलेल्या प्रतिक्रियेस उत्तर

‘एक खानापूरकर’ या नावाने प्रतिक्रिया लिहिणाऱ्या वाचकास सप्रेम सलाम.

केनियातील न्जोरो येथील विद्यार्थ्यांमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) मिशन टीमने घालवलेल्या महिन्याविषयी मी लिहिले, त्यावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. महिनाभर परदेशात फिरून येण्याला सेवा म्हणणे हा जन्मभर सेवा करणाऱ्यांचा अपमान आहे, हा पहिला. विमानभाड्याच्या पैशात खानापूर तालुक्यातील मुलींचे शिक्षण झाले असते, जो देश आधीच बहुतांश ख्रिस्ती आहे तिथे जाण्याचे कारणच नव्हते आणि आम्हाला तिथली भाषा येत नव्हती, हे उरलेले तीन.

आक्षेप घेण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. मात्र ‘हौस भागली, आता साक्षी सांगत फिरा’ हे वाक्य आक्षेपात बसत नाही. आमच्या टीमतील बहुतेक मुले-मुली विशी-बाविशीची आहेत. त्यांनी तो लेख आपापल्या घरी आईवडिलांना वाचून दाखवला आणि त्याखालची आपली प्रतिक्रियाही त्यांनी वाचली. ‘साक्ष’, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सर्वांसमोर सांगणे, ही आमच्या मंडळीत चेष्टेची गोष्ट नाही. आपण स्वतःला विश्वासी म्हणवता, म्हणून हे अधिकच लागले. एखाद्या परधर्मीयाने असे लिहिले असते, तर मी ते अनभिज्ञतेवर सोडून दिले असते.

आता त्या अपमानाविषयी. जन्मभर सेवा करणारे कसे असतात, हे मला कुणाकडून ऐकावे लागले नाही. माझे आजोबा ख्रिस्ती प्रचारक होते आणि खानापूर-नंदगडच्या पट्ट्यात पावसाळ्यातही सायकलने गावोगाव जात. पगार वेळेवर येत नसे, तरी रविवारची उपासना त्यांनी चुकवली नाही. माझी आई मिरजेला, डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या इस्पितळात परिचारिकेचे काम शिकली आणि निवृत्त होईपर्यंत रात्रपाळ्या करत राहिली. आम्ही निघालो तेव्हा याच आईने टीमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जिच्या बाजूने आपण अपमानाची तक्रार मांडता, तिला स्वतःला तो अपमान वाटला नाही, याचा आपण विचार केलात का?

महिना हा थोडा काळ आहे, हे मी नाकारत नाही. लेखातील छायाचित्रांत तिथल्या विद्यार्थ्यांपेक्षा आमचीच माणसे जास्त दिसतात, हे आपले निरीक्षणही रास्त आहे. पण काळ थोडा म्हणून काम खोटे, हा न्याय आपण कुठून आणलात? बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय उघडून पाहावा. थेस्सलनीका शहराच्या सभास्थानात प्रेषित पौलाला तीन शब्बाथ (आठवड्याचे उपासनेचे दिवस) मिळाले, पुढे गावात दंगल उठली आणि बंधुजनांनी त्याला रातोरात बिरुयाला पाठवले; तरी त्या मंडळीला लिहिलेली दोन पत्रे आज आपल्या नव्या करारात आहेत. करिंथात तो दीड वर्ष राहिला, हे आपण लगेच मला सांगाल. ते मला ठाऊक आहे. मी पौलाशी आमची बरोबरी करत नाही. सेवेचे मोल दिवसांवर ठरत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि आम्ही तिथे ‘फिरत’ नव्हतो. नाकुरूजवळच्या न्जोरोत एगर्टन विद्यापीठ आहे. १९३९ साली शेतीशाळा म्हणून त्याची सुरुवात झाली आणि शेतीचे शिक्षण हीच आजही त्याची मोठी ओळख आहे. केनियातील विद्यापीठांमधून विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती संघ आहेत, ते विद्यार्थी स्वतः चालवतात, आपले पदाधिकारी स्वतः निवडतात. आम्हाला बोलावले ते विद्यार्थ्यांनीच. संध्याकाळी वसतिगृहाच्या खोल्यांत सात-आठ जणांचे गट बसत, पवित्र शास्त्राचा (बायबलचा) एक उतारा सर्वांनी मिळून वाचायचा आणि प्रत्येकाने बोलायचे, अशी पद्धत होती. उपदेशाला उभे राहण्याची वेळ आमच्यावर क्वचितच आली. ज्याला ते ‘केशा’ म्हणतात त्या रात्रभराच्या प्रार्थनेत शिक्षणकर्ज वेळेवर न मिळाल्याने परीक्षेला बसता येईल की नाही या काळजीत असलेला एक मुलगा रडला, तेव्हा त्याच्याशेजारी आमचा हुक्केरीकडचा मुलगा बसला होता, ज्याच्या घरी कारखान्याकडून उसाचे बिल थकले की कॉलेजची फी थकते. त्या दोघांना एकमेकांना काही समजावून सांगावे लागले नाही. याला आपण काय म्हणाल ते म्हणा, मी याला सेवाच म्हणेन.

तिथे बहुतांश लोक ख्रिस्ती आहेत, हे खरेच आहे. २०१९ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. आपण ते आमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडता, मला ते जाण्याचे कारण वाटते. आपल्या डोक्यात मिशन म्हणजे वरून खाली देणे, श्रीमंताने गरिबाला आणि जाणत्याने अडाण्याला, असे चित्र पक्के बसले आहे, आणि त्या चित्राविरुद्ध १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझराया उभे राहिले होते. मिशनऱ्यांनी आपली मालमत्ता दिली, शरीरेही दिली, पण आम्हाला प्रेम हवे आहे, आम्हाला मित्र द्या, असे त्यांनी तिथे जमलेल्या पाश्चात्त्य पुढाऱ्यांना तोंडावर सांगितले. हेच अझराया १९०२ मध्ये समुद्र ओलांडून श्रीलंकेतील जाफन्याला गेले होते. तीही थोड्या काळाची भेट होती आणि तेही ख्रिस्ती लोकांमध्येच गेले होते. तिथल्या तमिळ मंडळ्या स्वतःच्या पैशाने दूरवर मिशनरी पाठवतात, हे त्यांनी पाहिले. आपल्या मंडळ्या हे का करत नाहीत, या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि पुढच्याच वर्षी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली. ‘हौस’ म्हणून त्यांना कुणी घरी बसवले असते, तर काय झाले असते?

आमच्या बेळगावचा इतिहासही आपण विसरलात. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ मध्ये इथे जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या शाळा काढणारे लोक समुद्रापलीकडूनच आले होते. ‘आधी आपले घर बघा’ असे म्हणून ज्यांना त्यांच्या गावकऱ्यांनी अडवले असते, त्यांच्यामुळे आज आपण मराठीतून शास्त्र वाचतो. आपण घ्यावे आणि दुसऱ्याकडे मात्र जाऊ नये, हे मला पटत नाही.

भाषेविषयी फार लिहीत नाही. केनियात विद्यापीठाचे शिक्षण इंग्रजीतून होते, आणि जो सकाळी मराठी व संध्याकाळी कन्नड उपासनेला बसत वाढला, त्याला स्वाहिली गीतांच्या मध्ये बसायला भीती वाटत नाही. पैशांचा हिशेब मंडळीसमोर वाचून दाखवला आहे. ज्यांनी अर्पण दिले त्यांनी तो विचारावा, आपण दिले असल्यास आपणही विचारा. खानापूरच्या मुलींच्या शिक्षणासाठी आपण स्वतः काय करता, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठे आढळले नाही.

आपली पुढची प्रतिक्रियाही मी इथे प्रसिद्ध करीन. मात्र ती आपल्या खऱ्या नावाने लिहावी, कारण ज्या मुलांना आपण हौशी म्हटलेत, त्या प्रत्येकाचे नाव मी लेखात दिले आहे.