मोनेची ती बाग आणि तिच्यातली सावली

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने म्हटलं की लोकांना पाण्यातली कमळंच आठवतात. सुंदर आहेत, वादच नाही. पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात धाडसी चित्र म्हणजे ‘बागेतल्या स्त्रिया’. १८६६ साली, पंचविशीत असताना त्यानं ते सुरू केलं.

कॅनव्हास अडीच मीटर उंच. तो पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे गावी, भाड्याच्या घराच्या बागेत उभा केला. वरचा भाग रंगवताना शिडीवर चढलं तर नजरेची पातळी बदलणार, म्हणून त्यानं जमिनीत चर खणला आणि कप्पीनं कॅनव्हासच खाली सोडायची सोय केली. ही चराची गोष्ट सगळे रंगवून सांगतात आणि तिथेच थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. अहो, चर कशासाठी खणला ते बघा ना!

डावीकडे खाली बसलेल्या बाईचा पांढरा झगा बघा. अर्ध्या घेरावर ऊन आहे, अर्ध्यावर झाडाची सावली. त्या सावलीत काळा रंग कालवलेला नाही, निळसर-जांभळी छटा आहे. छत्रीखाली तिचा चेहरा सावलीत असूनही उजळलाय, कारण झग्यावरचं ऊन उलटून वर गेलंय. स्टुडिओत बसून हे सुचत नाही, उन्हात उभं राहूनच दिसतं. बायका जरा ताठ उभ्या आहेत, फॅशनच्या मासिकातून उचलल्यासारख्या, हे मान्य. बहुतेकींसाठी एकट्या कामीयनंच, त्याच्या पुढे झालेल्या बायकोनं, पोझ दिली होती. पण चित्राचा जीव त्यांच्यात नाहीच, उन्हात आहे.

१८६७ मध्ये सालाँच्या, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी चित्र नाकारलं. मोनेकडे पैसे नव्हते. तेव्हा त्याचा चित्रकार मित्र फ्रेदेरिक बाझील यानं ते अडीच हजार फ्रँकला घेतलं, महिना पन्नास फ्रँकच्या हप्त्यानं. हिशेब करा, चार वर्षांहून जास्त हप्ते! पुढे १९२१ मध्ये फ्रेंच सरकारनं हेच चित्र दोन लाख फ्रँकला घेतलं.

बाझील मात्र १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात मारला गेला, जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा. मोनेच्या गोष्टीत त्याला ‘मदत करणारा मित्र’ एवढीच जागा मिळते, हा मला अन्याय वाटतो. तो स्वतः उत्तम चित्रकार होता. उघड्यावरचं ऊन त्यालाही कळलं होतं. पॅरिसला ओर्से संग्रहालयात जाणार असाल तर मोनेच्या या चित्रासोबत बाझीलचं ‘कुटुंबाचा मेळावा’ही शोधून बघा. तिथेच आहे.