गँगस्टा रॅप कॉम्प्टनचा? आधी फिलाडेल्फियाला जाऊन या

गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्या आणि पिस्तुलांच्या गोष्टी सांगणारं रॅप. त्याबद्दल जो तो हल्ली हेच पुढे पाठवतोय: 'गँगस्टा रॅप १९८८ साली लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या गटाने जन्माला घातला. फिलाडेल्फियाचा रॅपर स्कूली डी म्हणजे एका गाण्यापुरता माणूस. आणि त्या गाण्यात तरी काय, नुसतं पिस्तूल!'

जन्मतारखेचा निकाल झटकन लागतो. स्कूलीचं ते गाणं, 'पी.एस.के. व्हॉट डझ इट मीन?', आलं १९८५ मध्ये, एन.डब्ल्यू.ए.च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या अल्बमच्या तीन वर्षं आधी. माझ्यावर विश्वास नसेल तर लॉस एंजलिसच्याच रॅपर आइस-टीचं ऐका. आपलं 'सिक्स इन द मॉर्निन' हे गाणं स्कूलीची ही रेकॉर्ड ऐकून सुचलं, हे तो स्वतःच सांगत आलाय.

आता ते पिस्तूल. पी.एस.के. म्हणजे पार्क साइड किलर्स, पश्चिम फिलाडेल्फियातली टोळी. पण गाण्यात हे नाव फोडलेलंच नाही! स्कूली तीन अक्षरांचे भलतेच अर्थ सांगतो, 'के' तर डीजेच्या हातचलाखीसाठी. पुढे आपली नक्कल करणाऱ्या एका रॅपरच्या डोक्याला तो पिस्तूल लावतो खरा, पण तेवढ्यात मनात येतं की तुरुंगात कोण सडणार, आणि मग माइक हातात घेतो. दावा करणाऱ्यांनी गाणं निम्म्यातच बंद केलं असावं. शिवीगाळ आणि बायकांबद्दलची भाषा मात्र वाईटच आहे, त्याची वकिली मी करणार नाही.

आणि तो ठोका! ड्रम मशीनच्या आवाजावर एवढा घुमारा चढवलाय की रिकाम्या गोदामात कुणीतरी पत्रा बडवतंय असं वाटतं. त्यात त्याचा डीजे कोड मनी याचं खरखरतं स्क्रॅचिंग, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे घासणं. हाच ताल १९९१ मध्ये सूझी अँड द बॅन्शीज या ब्रिटिश रॉक बँडच्या 'किस देम फॉर मी'त उतरला. १९९७ मध्ये न्यूयॉर्कचा रॅपर बिगी याने तर सरळ त्या गाण्याचाच साचा उचलला.

राहिलं 'एका गाण्यापुरता'. सुरुवातीच्या रेकॉर्ड त्याने स्वतःच्याच लेबलवर काढल्या, मुखपृष्ठाची चित्रंही स्वतःच काढली. खप एन.डब्ल्यू.ए.एवढा कधीच नव्हता, हे कबूल. पण एबल फेरारासारख्या दिग्दर्शकाने 'किंग ऑफ न्यूयॉर्क' या चित्रपटात त्याची गाणी घेतली. फेराराच्याच 'बॅड लेफ्टनंट'मध्येही स्कूलीचं 'सिग्निफायिंग रॅपर' होतं, पण त्यात लेड झेपलिन या रॉक बँडच्या 'कश्मीर' गाण्याची धून होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि चित्रपटाच्या पुढच्या प्रतींतून गाणं गायब झालं. 'अ‍ॅक्वा टीन हंगर फोर्स' हे कार्टून पाहत मोठी झालेली पोरं तर वर्षानुवर्षं शीर्षकगीतात त्याचाच आवाज ऐकत होती. नाव विचारलं, तर खांदे उडवतील.