अकरा महिन्यांचं घर

धाकटी बहीण ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे खोके रचलेले दिसले. पाच वर्षांतलं हे चौथं घर. भाची एका खोक्यावर स्केचपेनने लिहीत होती, ‘दहावीची पुस्तकं, आधी उघडणे’. मालकाने भाडं सहा हजारांनी वाढवून मागितलं, यांना जमेना. आता पुन्हा महिन्याभराची दलाली, पुन्हा डिपॉझिट, आणि जुन्या डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापलेले.

मी बर्लिनमध्ये भाड्यानेच राहते. माझ्या कराराला शेवटची तारीख नाही. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही तीन हप्त्यांत, आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांत मिसळायचं नाही. माझ्यासारख्या साध्या करारात भाडं तीन वर्षांत १५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण घर मिळेपर्यंत जीव जातो. एक घर बघायला मी साठेक माणसांच्या रांगेत जिन्यावर उभी होते. त्यामुळे इथलं सगळं उचलून ठाण्यात न्या, असं मी म्हणणार नाही.

मालकांची भीतीही खरी आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली आणि जागा पिढ्यान्‌पिढ्या अडकल्या, तो धसका अजून गेलेला नाही. पण २००० पासून लागू असलेल्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपूनही जो निघत नाही, त्याला भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. आणि करार ११ महिन्यांचाच करायचा, हा हट्ट कशासाठी? वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, हा हिशोब आपल्याकडे चालतच नाही. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार नोंदवायचा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्क पाव टक्का. मग लेकरांच्या शाळा मध्येच का तोडायच्या?

डिपॉझिटला मात्र कायद्याचाच लगाम हवा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे. निर्णय राज्याच्या हातात आहे. निदान एवढं तरी महाराष्ट्राने घ्यावं.

वर्तकनगरचा आमचा फ्लॅट गेल्या वर्षी मी तीन वर्षांच्या कराराने दिला. दोन महिन्यांचं डिपॉझिट, दरवर्षी पाच टक्के वाढ, सगळं आधीच लिहून. सही झाल्यावर भाडेकरू ताईंनी दबकत विचारलं, “मग मुलाच्या खोलीत फळी ठोकली तर चालेल?”

म्हटलं, ठोका.