‘जलाश्व’ भंगार होतं का?

दर चार-सहा महिन्यांनी आपल्या नौदलाच्या ‘जलाश्व’ या जहाजाबद्दलचं तेच ढकलपत्र फिरून येतं. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेने टाकून दिलेलं भंगार २००७ मध्ये आपल्या गळ्यात मारलं, तेवढ्या पैशात नवं जहाज आलं असतं, ते युद्धात न्यायचीही परवानगी नाही आणि क्षेपणास्त्रांच्या जमान्यात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांचा उपयोग तरी काय?

पैशांचं आधी उरकतो. किंमत होती सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे अंदाजे दोनशे कोटी रुपये. जहाज जवळपास सतरा हजार टनांचं. त्याच सुमारास अमेरिका या प्रकारची जी नवी जहाजं बांधत होती, त्यांतलं एकेक शंभर कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. दोनशे कोटींत नवं काय आलं असतं, ते सांगायला ढकलपत्रवाले सोयीस्कर विसरतात.

आता ‘भंगार’. ‘जलाश्व’ अमेरिकी नौदलात होती तेव्हा तिचं नाव ‘ट्रेंटन’. ती १९७१ ची, म्हणजे आपल्याकडे आली तेव्हा छत्तिशीची. म्हातारी होतीच. पण टाकून दिलेली? विक्रीच्या जेमतेम सहा महिने आधी, जुलै २००६ मध्ये, ती बैरुतमधून अमेरिकी नागरिकांना बाहेर काढत होती. तिच्याच वर्गातली, त्याच वर्षी दाखल झालेली ‘पॉन्स’ तर अमेरिकेने स्वतः २०१७ पर्यंत वापरली. शिवाय वयावरून मुंबईकरांनी तरी बोलू नये. १९५९ ची ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मिस’ आपण १९८७ मध्ये ताफ्यात घेतली आणि ‘विराट’ म्हणून तीस वर्षं मिरवली.

अटींचा मुद्दा मात्र हवेतला नाही. आक्रमक वापरावर मर्यादा आणि अमेरिकेला तपासणीचा हक्क, या दोन्हींवर ‘कॅग’ने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २००८ च्या अहवालात बोट ठेवलं होतं. जहाजाची अवस्था नीट न तपासता ते घेतलं, असंही म्हटलं होतं. ही टीका मी खोडणार नाही. फक्त ‘मर्यादा’चं ‘परवानगीच नाही’ कधी झालं, हे त्या अहवालात सापडत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जहाजावर विषारी वायूने नौसैनिकांचे जीव गेले, हेही खरं आहे. ढकलपत्रात त्याचा उल्लेखही नसतो. भंगाराचे विनोद मात्र असतात.

उरला उपयोग. मला यातच खरा रस आहे. आपल्या नौदलाची ‘मगर’ किंवा ‘शार्दूल’ वर्गातली जहाजं किनाऱ्याला नाक टेकवतात, दारं उघडतात आणि रणगाडे बाहेर पडतात. ‘जलाश्व’ला किनारा गाठावाच लागत नाही. टाक्यांमध्ये पाणी घेऊन ती मागची बाजू समुद्रात बुडवते, पोटातल्या गोदीत पाणी शिरतं आणि आतल्या लहान नौका तरंगत बाहेर येतात. जलाश्व म्हणजे पाणघोडा. बारसं करणाऱ्याला दाद द्यायला हवी. वर हेलिकॉप्टरसाठी डेक, आत हजारभर माणसांची सोय. अशा जहाजाचं काम फक्त हल्ल्याचं नसतं. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशूत यादवी पेटली, तेव्हा याच ‘ट्रेंटन’वरून हेलिकॉप्टरं साडेचारशेहून अधिक सागरी मैल, वाटेत हवेतच इंधन घेत, अमेरिकी दूतावासापर्यंत गेली. त्या मोहिमेत एकूण २८१ जण सुटले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, तीच नौका मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला आली. त्यांत १९ गरोदर स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी कुणाला जहाजाचं वय विचारावंसं वाटलं असेल, असं वाटत नाही.

क्षेपणास्त्रांचा धोका खोटा नाही. रशियाची सैन्य उतरवणारी जहाजं युक्रेनने बंदरात उभी असताना उडवली आहेत. पण ‘आता हे संपलं’ ही घोषणाही जुनीच. अमेरिकेचे सेनानी जनरल ओमर ब्रॅडली यांनी १९४९ मध्ये सांगितलं होतं, की मोठ्या प्रमाणावर समुद्रातून सैन्य उतरवणं आता पुन्हा होणार नाही. सप्टेंबर १९५० मध्ये, कोरियन युद्धात, अमेरिकेनेच इंचॉनच्या किनाऱ्यावर समुद्रातून मोठं सैन्य उतरवलं.

राग काढायचाच असेल, तर त्याला जागा आहे. अशाच चार नव्या जहाजांसाठी आपण २०१३ मध्ये निविदा काढली. ती २०२० मध्ये रद्द झाली, तेव्हा ‘जलाश्व’ एकोणपन्नास वर्षांची होती.