गोचीड कुत्र्यावर दिसते, मुक्काम मात्र बागेत

कुत्र्याच्या अंगावर एक गोचीड दिसली की लगेच औषधाची बाटली निघते. कुत्र्याला आंघोळ, बागेत फवारणी, झालं काम! थोड्या दिवसांनी पुन्हा गोचिडी, मग आणखी जालीम बाटली. स्पष्टच सांगतो, या फेऱ्यात गोचिडींपेक्षा कुत्र्याचेच हाल जास्त होतात.

कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी टम्म फुगून खाली उतरते. कात टाकायला, अंडी घालायला तिला कुत्रा नको असतो, फट हवी असते. एकेक मादी हजारांवर अंडी घालून मरते. त्यात ही जात वर चढणारी. नुसती हिरवळ फवारून काय होणार? भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, कुत्र्याच्या घराचं छत आतून बघा. पिसवांचंही तेच. अंगावर दिसतात त्या थोड्या; अंडी, अळ्या, कोष सगळे अंथरुणात नि सावलीतल्या मातीत. कोष तर महिनोन्‌महिने गप्प पडून राहतात. म्हणजे कुत्र्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळच्या वेळी, आणि जागेची सफाई त्याच्या जोडीने. एकाने भागत नाही.

बागेतून आला की त्याच्या अंगावरून हात फिरवा. कानाच्या घड्या, पट्ट्याखाली, काखेत, पंज्यांच्या बोटांमध्ये. उपाशी गोचीड तिळाएवढी, केसांत सहज हुकते. फुगलेली राखाडी मण्यासारखी हाताला लागते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडापाशी धरायचं आणि न पिळता सरळ ओढायचं. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काहीही नको. (नखाने चिरडण्यातलं समाधान मला कळतं हो, पण तेही नको.) नंतर ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर वाट न बघता रक्त तपासून घ्या. एर्लिकिया (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग) असेल तर डॉक्सीसायक्लीन हे प्रतिजैविक साधारण 28 दिवस चालतं. चार दिवसांत शेपूट हलायला लागली म्हणून परस्पर बंद करू नका.

आता माझा खरा राग. गोगलगायी मारायला मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सर्रास टाकल्या जातात. गोगलगायींनी खाव्यात म्हणून त्यांत कोंडा वगैरे घातलेला असतो, तो कुत्र्यालाही आवडतो. काही तासांत थरथर, झटके, अंग तापलेलं. रोपाची चार पानं वाचवायला एवढा सौदा? गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हातानेही वेचता येतात. उंदराचं विष त्याहून कपटी. रक्त गोठू न देणारं विष पोटात गेलं तरी दोन-तीन दिवस कुत्रा मजेत हुंदडतो, त्रास दिसतो तेव्हा आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण वेळेत मिळायला हवा. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी विषाचं पाकीट सोबत घेऊन डॉक्टर गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते.

आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत पर्मेथ्रिन आहे का, ते आधी वाचा. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराचा जीव घेऊ शकतं, आणि दोघं एकाच गादीवर झोपतात.