साप सोडून भुई धोपटणारा फॉरवर्ड

घरी बिअर करणाऱ्यांविषयी एक मेसेज बरेच दिवस मराठी ग्रुपांवर फिरतोय. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आला, मग साताऱ्याहून मावशीने पाठवला, खाली हात जोडलेले इमोजी लावून. मजकूर थोडक्यात असा: घरची बिअर म्हणजे हातभट्टीच. आंबवताना तिच्यात मिथेनॉल तयार होतं आणि डोळे जातात. कंपनीची बिअर तपासून येते, घरची जंतूंनी भरलेली. त्यातही आयपीए (इंडिया पेल एल नावाची कडसर बिअर) सर्वांत वाईट, कारण भारतापर्यंतच्या प्रवासात नासू नये म्हणून इंग्रजांनी हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं) कोंबून ती शोधून काढली, आणि हॉप्स म्हणजे गांजाचा सख्खा भाऊ. तरीही करायचीच असेल तर भरपूर हॉप्स घालून तासभर उकळा आणि वर्षभर मुरू द्या, म्हणजे विष मरतं.

मी डर्बीला राहते आणि गॅरेजमध्ये वीस-वीस लिटरची आयपीए करते. इंग्लंडमध्ये यासाठी परवाना लागायचा. 1963 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. स्वतःपुरती करा, पाहुण्यांना पाजा, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात हे चालत नाही. तिथे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर काढणं गुन्हा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एकच वाक्य लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. पण नेमकं तेच त्यात नाही.

"मिथेनॉल तयार होतं"

यावर जरा थांबू, कारण लोक घाबरतात ते याला, आणि मिथेनॉलला घाबरणं योग्यच आहे. प्रश्न एवढाच की ते येतं कुठून.

फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असतं. ते मोडलं की थोडं मिथेनॉल सुटतं. म्हणून संत्र्याच्या रसातही ते किंचित असतं आणि वाइनमध्येही असतं. बिअर होते सातूपासून. सातू भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवला की मॉल्ट झाला. त्यात पेक्टिन नावापुरतं. मॉल्ट 66 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, ती यीस्ट खातं, आणि तिचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. साखरेचं मिथेनॉल करणं यीस्टला येतच नाही. बिअरमध्ये ते सापडतं ते लिटरला काही मिलिग्रॅम, मग ती बिअर गॅरेजमधली असो की कारखान्यातली.

मग 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली ती कशाने? त्या दारूतलं मिथेनॉल आंबवण्यातून आलेलं नव्हतं. कारखान्यांत वापरायचं मिथेनॉल आणून तिच्यात मिसळलं होतं. विषारी दारूच्या अशा बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच असतं: स्वस्त रसायन, ते मिसळणारा माणूस, आणि कानाडोळा करणारी साखळी. त्या मृत्यूंचा दोष आंबवण्याच्या क्रियेवर ढकलला की मिसळणारा आपोआप सुटतो, म्हणून मला हा मेसेज नुसता चुकीचा नाही, संतापजनक वाटतो.

शरीरात मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. हे ज्या विकराच्या मदतीने होतं तोच विकर इथेनॉलवरही काम करतो, आणि त्याची पहिली पसंती इथेनॉलला असते. म्हणूनच मिथेनॉलच्या विषबाधेत रुग्णालयात उतारा म्हणून इथेनॉल देतात. हा डॉक्टरांचा उपचार आहे, घरगुती नव्हे.

हातभट्टीत गूळ-नवसागराचं रसायन तापवून वाफ धरतात. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नाहीच. इंग्लंडमध्येही घरी परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन करणं बेकायदाच आहे, त्यामुळे "हातभट्टीच" हा शब्द कायद्यानेही बसत नाही आणि रसायनशास्त्रानेही.

"पण अमक्याकडची घरची बिअर प्यायलो आणि डोकं धरलं" असं कुणीतरी म्हणतंच. धरलं असेल. एक तर ती बेताबाताने प्यायलेली नसते. दुसरं म्हणजे यीस्टला उकडलं की ते जड अल्कोहोलं जास्त सोडतं, ज्यांना नेलपॉलिश रिमूव्हरच्या जवळचा, झोंबणारा वास येतो. आंबतानाच्या पिंपाचं तापमान 18 ते 20 अंश ठेवायचं असतं. आंबण्यातून स्वतःची उष्णता निघते, त्यामुळे खोली 20 ला असली तरी आतलं दोन-चार अंशांनी वर जातं. तापमापी खोलीत टांगून उपयोग नाही, ती पिंपाला चिकटवायची. मिथेनॉलशी याचा काही संबंध नाही.

"घरची बिअर जंतूंनी भरलेली"

तासभर उकळलेला गोड काढा, त्यात हॉप्सची आम्लं, नंतर यीस्टने चार-साडेचारवर आणलेला पीएच आणि वर पाच-सहा टक्के अल्कोहोल. आजारी पाडणाऱ्या जंतूंना या घरात भाडेकरू म्हणून राहता येत नाही. राहतात ते बिअर बिघडवणारे: लॅक्टोबॅसिलस, पेडियोकोकस, रानटी यीस्ट. त्यांनी बिअर आंबट होते, तिला व्हिनेगरचा किंवा गोठ्याचा वास येतो. जीव जात नाही, वीस लिटर मोरीत जातात.

खरी सावधगिरी वेगळ्या ठिकाणी लागते आणि ती मेसेजमध्ये नाही. उकळलेला पण अजून यीस्ट न घातलेला काढा पाचच्या वर पीएचचा, गोड आणि कोमट असतो. तो बंद डब्यात दिवसेंदिवस बाहेर ठेवायचा नाही; बोट्युलिझमचा जंतू अशाच जागा शोधत असतो. गार करा आणि त्याच दिवशी यीस्ट घाला. उकळी उतरल्यावर काढ्याला जे जे लागेल ते सगळं, नळी, गाळणी, पिंपाचं झाकण, तुमची कात्रीसुद्धा, जंतुनाशकात बुडवलेलं हवं. त्यासाठी ब्लीच नको. क्लोरीनचा अंश राहिला तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं. वीस-पंचवीस लिटरला क्लोरीन काढणारी अर्धी कॅम्पडन गोळी चुरून टाकली की काम होतं.

आणि "कंपनीची तपासलेली" याबद्दल एवढंच: इंग्लंडमधल्या पबमध्ये हातपंपाने ओढतात ती कास्क एल ना पाश्चराइज केलेली असते ना गाळलेली. यीस्ट जिवंत असतानाच लोक ती शतकानुशतकं पितायत.

"भारतात न्यायला शोधून काढली"

हा भाग मेसेजपुरता नाही, बाटल्यांच्या लेबलांवरही छापलेला असतो. गोष्ट अशी सांगतात की साधी बिअर मुंबई-कलकत्त्याला पोचेपर्यंत नासायची, म्हणून हॉजसन नावाच्या लंडनच्या गृहस्थाने जास्त दारूची आणि जास्त हॉप्सची नवी बिअर शोधली.

हॉजसनचा कारखाना खरा. तो लंडनच्या पूर्वेला बो इथे होता, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या ब्लॅकवॉलच्या जवळ. त्याचं यश शोधात नव्हतं, उधारीत होतं: जहाजांच्या कप्तानांना तो वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा. फिकट रंगाची एल त्याच्या आधीपासून होती. गरम देशांत पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त घाला, हा सल्लाही 1760 च्या दशकापासून इंग्लंडमध्ये दिला जात होता. आणि साधी बिअर पोचायची नाही म्हणावं, तर काळी पोर्टर त्याच जहाजांतून हिंदुस्थानात येत होती आणि गोरे सोल्जर ती आवडीने पीत होते. जास्त दारूचं म्हणाल तर त्या काळची आयपीए सहा-साडेसहा टक्क्यांची असे. तेव्हाच्या इंग्लंडात हे काही कडक मानलं जात नव्हतं.

1820 च्या दशकात बर्टन गावचे बिअर-कारखानदार ऑल्सॉप या धंद्यात उतरले. बर्टन माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मुबलक आहे आणि सल्फेटने हॉप्सचा कडूपणा कोरडा, ठसठशीत लागतो. हॉजसन मागे पडला त्यात या पाण्याचाही वाटा होता. आज जगभर घरी आयपीए करणारे पाण्यात चमचाभर जिप्सम टाकतात ते या गावाची नक्कल म्हणून. "ईस्ट इंडिया पेल एल" असं नाव छापलेलं आढळतं ते 1829 सालच्या सिडनीतल्या एका जाहिरातीत. तोवर ती बिअर कित्येक वर्षं हिंदुस्थानात जातच होती.

"गांजाचा सख्खा भाऊ"

कूळ एक आहे, कॅनाबेसी. म्हणून काय झालं? बटाटा, टोमॅटो आणि धोतरा हेही एकाच कुळातले. हॉप्समध्ये गांजाची नशा आणणारं टीएचसी नसतं. पुढे जाऊ.

"भरपूर घालून तासभर उकळा, वर्षभर मुरू द्या"

सल्ला म्हणून हा सर्वांत वाईट, आणि नवशिके मेसेजच्या बाकी भागावर हसतात पण हा मात्र पाळतात.

हॉप्सच्या फुलात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक अल्फा आम्लं. ती उकळीत रूप बदलतात, तेव्हाच पाण्यात उतरतात आणि कडूपणा देतात. दुसरी सुगंधी तेलं, आणि ती उकळीत वाफेबरोबर उडून जातात. तासभर उकळलेल्या हॉप्सचा सुगंध तुमच्या बिअरमध्ये नाही, तुमच्या पडद्यांत आहे.

हिशेब करून बघा. 12 टक्के अल्फा आम्लाचे मॅग्नम हॉप्स 25 ग्रॅम घेतले तर त्यात 3000 मिलिग्रॅम आम्ल. तासाभराच्या उकळीत त्यातलं साधारण 22 टक्के कामी येतं, म्हणजे 660 मिलिग्रॅम. ते 20 लिटरमध्ये विभागलं की लिटरला 33, आणि हाच ढोबळमानाने कडूपणाचा आकडा, आयबीयू. आयपीएचा कणा उभा राहायला एवढं पुरतं. "भरपूर" म्हणून तिथेच शंभर ग्रॅम टाकलेत तर आकडा सव्वाशेच्या पुढे जाईल आणि हाती येईल तो कडुनिंबाचा रस.

बाकीचे हॉप्स शेवटी. गॅस बंद करायचा, काढा 80 अंशांवर येऊ द्यायचा, मग सिट्रा जातीचे पन्नास ग्रॅम हॉप्स टाकून वीस मिनिटं झाकून ठेवायचा. पाकीट उघडलं की पपनसाची साल सोलल्यासारखा वास गॅरेजभर पसरतो, हिरव्या गोळ्यांची पूड बोटांना चिकट लागते आणि हात धुतल्यावरही संध्याकाळपर्यंत जात नाही. आंबणं संपत आलं की आणखी शंभर ग्रॅम थेट थंड बिअरमध्ये, तीन दिवस. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. यात उकळीचा संबंधच नाही, आणि आजच्या आयपीएचा बराचसा सुगंध इथून येतो.

आणि मुरवणं? एकोणिसाव्या शतकातली आयपीए लाकडी पिंपात महिनोनमहिने मुरायची, हे खरं. पण ती बिअर निराळी होती, तिच्याकडून आंबा-लिचीच्या वासाची अपेक्षा कुणी करत नव्हतं. हॉप्स जंतूंना रोखतात, ऑक्सिजनला नाही. बाटलीत हवा शिरली की सोनेरी रंग मळकट तपकिरी होतो, पपनस जातं आणि भिजलेल्या पुठ्ठ्याची चव उरते. म्हणून बिअर ओतायची नाही, नळीने खालून भरायची, खळखळाट होऊ न देता. आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. वर्षभर ठेवून जे मरेल ते विष नसेल, तुमचे हॉप्स असतील.

मेसेजमध्ये नाही ते

बाटल्या फुटतात. यावर त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर घालतात, म्हणजे वीस लिटरला 120. आंबणं पुरतं संपलेलं नसेल तर या साखरेवर उरलेल्या साखरेचा वायू चढतो. हायड्रोमीटर (बिअरची घनता, म्हणजे उरलेली साखर दाखवणारं माप) 1.012 वर थांबायचा तो 1.016 वर असतानाच भरलीत, तर बाटलीतला वायू जवळपास दुप्पट होतो. काच तो झेलेलच असं नाही. एअरलॉकचे, म्हणजे पिंपातून वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचे, बुडबुडे थांबले म्हणजे झालं, हा पुरावा नव्हे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी आली पाहिजेत.

हॉप्सवाल्या बिअरला यात एक खास मेख आहे. ड्राय हॉप्समधल्या विकरांमुळे यीस्टला न पचणाऱ्या साखरा पचण्याजोग्या होतात आणि थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. म्हणून शेवटचं माप हॉप्स टाकण्याआधी नाही, टाकल्यावर काही दिवसांनी घ्यायचं. एकदा वापरायच्या पातळ काचेच्या बाटल्या, पिळून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या, यांत भरायची नाही.

दुसरा धोका उकळीचा. पंचवीस लिटरचं पातेलं पहिल्या उकळीला फेस धरतं आणि पाठ फिरवलीत की दुधासारखं उतू जातं, फक्त हे दूध पाकासारखं चिकटतं. लहान मुलं त्या वेळी गॅरेजमध्ये नकोत, पायांत सपाता नकोत, बंद बूट हवेत.

आणि कुत्रे. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. खाल्ले तर ताप भराभर चढतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. मॉल्टच्या गोडीने ते चोथ्याकडे येतातच. शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर कुंपणाखालून आमच्या बागेत येतो, त्यामुळे हॉप्सचा चोथा मी कंपोस्टमध्ये टाकत नाही. पिशवीत गाठ मारून, झाकणाच्या कचराडब्यात.