जादा पाटा टाकला म्हणून जादा माल भरता येत नाही

वाशीच्या एपीएमसीत माल भरणाऱ्या पिकअपवाल्यांमध्ये सध्या फिरतंय: मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा (लोखंडी पट्टी) वाढवला की गाडीची क्षमता वाढते. हे साफ चूक आहे. पाट्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच. एक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात.

उलट बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह एक्सल आणि चासीमधलं अंतर बघून दाब ठरवतो. पाटे कडक झाले की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. मुंब्रा बायपासच्या उतारावर हे जिवावर बेतेल, भावांनो!

आरसीवरचं एकूण वजन हीच मर्यादा. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पाटे थकले असतील तर कंपनीच्या मापाचेच बसवा, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे घ्या.